आजीच्या आईचं काय?

नऊ वर्षांची असताना मी शेजारच्या आजींना चोरून बाप्तिस्मा दिला होता.

ठाण्यात चरईत आमची चाळ होती. आमच्या आणि आजींच्या खोलीत भिंत एकच. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी भरलेल्या एका शिबिरातून मी नुकतीच परतले होते. तिथे बाहेरून आलेल्या एका प्रवचनकारांनी आम्हाला एकेकाला पुढे बोलावून मेणबत्तीच्या ज्योतीवरून बोट फिरवायला लावलं. मग विचारलं, एवढंसं सोसवत नाही, तर कधीच न विझणाऱ्या आगीत काय कराल? येशूला न मानणारे सगळे तिथेच जाणार, असंही सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा बाप्तिस्मा झालेला होता, त्यामुळे स्वतःची काळजी नव्हती. काळजी होती ती आजींची.

शाळा सुटल्यावर आई कामावरून येईपर्यंत मी त्यांच्याकडेच असायची. दप्तर टाकायच्या आत माठातल्या पाण्याचं फुलपात्र हातात यायचं. कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवलेलं आठवत होतं, की मरणाच्या दारातल्या माणसाला प्रसंगी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. आजी ठणठणीत होत्या, पण नऊ वर्षांच्या मुलीला सत्तरी म्हणजे मरणाचं दारच वाटतं. दुपारी त्या आडव्या झाल्या होत्या. मी त्याच माठातून पाणी घेतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने असं पुटपुटत तीनदा त्यांच्या कपाळावर सोडलं. त्या दचकून उठल्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "अगं, उकडत होतं तर पंखा लावायचा ना, पाणी कशाला शिंपडतेस?"

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी त्यांना हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझं केलंस ते बरं केलंस. पण माझ्या आईचं काय? ती तर केव्हाच गेली."

मला अडवण्यासाठी त्यांनी हे विचारलं नव्हतं. त्यांना खरंच आई आठवली होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज चाळिशी ओलांडल्यावर ते पूर्णपणे आहे असं म्हणणार नाही. पण एवढं मात्र मी ठामपणे म्हणते, की या प्रश्नाला 'ती आगीत आहे' एवढंच उत्तर ज्या शिकवणीकडे आहे, तिने शुभवर्तमान अर्धंच वाचलंय. देव अखेरीस कुणालाही गमावणार नाही ही आशा ख्रिस्ती विश्वासाच्या कडेला लागलेलं बांडगूळ नाही, ती त्याच्या मुळाशी आहे. आणि लहान मुलांना व शोकात असलेल्या माणसांना नरकाची धास्ती घालणं आपण थांबवायला हवं.

आजींचा प्रश्न त्यांच्या आधीही अनेकांनी विचारला होता. धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर जपानहून परतल्यावर १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून पत्र लिहितात. नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या मेलेल्या आईबापांबद्दल, मुलांबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी आता काहीच करता येणार नाही, असं सांगितल्यावर रडतात. त्यांचं रडणं पाहून आपल्यालाही गलबलून येतं, हे झेवियर यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. ज्या गोष्टीने सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे, दोघांचेही डोळे भरून येतात, तिला 'आनंदाची सुवार्ता' कसं म्हणायचं?

याहून जवळचं उदाहरण अहमदनगरचं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. रॉबर्ट ह्यूम हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. जन्म मुंबईचा, १८४७ चा. आयुष्य गेलं नगरच्या मराठी माणसांत. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी उघडपणे एका मताची बाजू घेतली: ज्यांच्या कानावर या जन्मी ख्रिस्ताचं नावच पडलं नाही, त्यांना मरणानंतर ती संधी मिळू शकते, ही शक्यता मोकळी ठेवावी. एवढ्यावरून वादळ उठलं. असा माणूस परत हिंदुस्थानात पाठवावा की नाही यावर मिशनच्या बोर्डात खडाजंगी झाली, आणि त्यांचं परतणं १८८७ पर्यंत लांबलं. ह्यूम काही सगळ्यांच्या तारणाचा सिद्धांत मांडत नव्हते, फक्त एक दार किलकिलं ठेवा म्हणत होते. पण ते कुठून बोलत होते, ते पाहा. आजा-पणज्याचं श्राद्ध घालणाऱ्या, पितरांना पान वाढणाऱ्या लोकांमध्ये ज्याने आयुष्य काढलं, त्याला 'आमच्या वाडवडिलांचं काय?' हा प्रश्न टाळता येत नाही. बॉस्टनमधल्या खुर्चीवरून तो टाळता येतो.

आता शब्दाकडे वळते, कारण आपल्या भाषेत मोठा घोटाळा इथेच झालाय. येशूच्या तोंडी असलेल्या 'गेहेन्ना' या शब्दासाठी मराठी बायबलात 'नरक' हा शब्द आला. तो आला गरुडपुराणाच्या, पुराणांतल्या नरकवर्णनांच्या जगातून. पण त्या जगात नरक म्हणजे मुक्काम, कायमचा पत्ता नव्हे. पाप भोगून संपलं की जीव तिथून सुटतो. स्वर्गाचंही तेच, पुण्य सरलं की परत खाली. (मध्वाचार्यांनी काही जीवांना कायमच्या अंधारात टाकलं, पण आपल्याकडे तो अपवादच.) म्हणजे पहिल्या मराठी वाचकाने 'नरक' वाचला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शेवट असलेली शिक्षा आली असणार. शेवट नसण्याची भीती नंतर शिकवावी लागली.

गेहेन्ना ही मुळात जेरुसलेमच्या दक्षिणेची खरीखुरी दरी, हिन्नोमची दरी. तिथे कचरा जळत असायचा, अशी गोष्ट प्रवचनांत हमखास ऐकायला मिळते. दिवा डम्पिंगच्या धुरात ज्यांनी वर्षं काढली, त्या ठाणेकरांना ती लगेच पटते. पण ती गोष्ट पुष्कळ नंतरची, मध्ययुगातली. जुन्या करारातला त्या दरीचा खरा कलंक फार भयंकर आहे. तिथे लोक मोलख दैवतासाठी आपली पोटची मुलं आगीत होमत असत. आणि यिर्मयाच्या सातव्या अध्यायात देव त्याबद्दल म्हणतो, की असं करायला मी कधी सांगितलं नाही, ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! लेकरांना आगीत टाकणं माझ्या मनातही आलं नाही, असं म्हणणारा देव त्याच दरीच्या नावाने आपलीच लेकरं युगानुयुग आगीत ठेवतो, असं आपण शिकवतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील?

यावर उत्तर तयार असतं: मत्तयाचं शुभवर्तमान, पंचविसावा अध्याय. 'सार्वकालिक शिक्षा' हे शब्द खुद्द प्रभूचे आहेत. खरं आहे, आणि ते मला झटकून टाकायचे नाहीत. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात जो मुद्दा मांडला तो आजही सगळ्यात वजनदार आहे. एकाच वाक्यात शिक्षाही सार्वकालिक आणि जीवनही सार्वकालिक. एकाला शेवट असेल तर दुसऱ्यालाही असायला हवा. पण मूळ ग्रीक शब्द 'आयोन' म्हणजे युग यावरून आलेला आहे. मराठी अनुवादकांनाही इतर ठिकाणी 'युगानुयुग' हा शब्द सुचला, तो उगाच नव्हे. शिक्षेसाठी वापरलेला 'कोलासिस' हा शब्द ग्रीकमध्ये सुधारण्यासाठी केलेल्या शिक्षेला लागतो. सूड उगवण्यासाठी केलेल्या शिक्षेला ॲरिस्टॉटल वेगळा शब्द देतात. शब्दांच्या या वादाने सगळं सिद्ध होतं असा माझा दावा नाही. अनंत जीवनाची खात्री मला एका विशेषणाने दिलेली नाही, ती देवाच्या स्वभावाने दिलेली आहे. आदामामध्ये जसे सर्व मरतात तसे ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील, असं पौल करिंथकरांना लिहितो. दोन्ही ठिकाणी 'सर्व'च. पहिला 'सर्व' शब्दशः घ्यायचा आणि दुसरा आखडता घ्यायचा, हे मला कधी जमलं नाही.

शिवाय मत्तयाचा तो अध्याय पुन्हा वाचा. न्यायाच्या दिवशी माणसं मेंढरं आणि शेरडं अशी कशावरून वेगळी केली आहेत? कुणी कोणता मतांगिकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हटला यावरून नाही. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, तुरुंगातल्याची विचारपूस यांवरून. धमकी म्हणून जो उतारा माझ्या आजींवर रोखला जातो, त्यातली परीक्षा त्या रोज दुपारी एका फुलपात्रात पास होत होत्या. तो उतारा भ्यायचाच असेल, तर आपण भ्यायला हवं.

सगळ्यांच्या तारणाची ही आशा अलीकडच्या मवाळ माणसांनी काढलेली पळवाट आहे, असं अनेकांना वाटतं. चौथ्या शतकातले न्यिसाचे ग्रेगरी संत मानले जातात, आजही. त्यांनी आपली बहीण मॅक्रिना हिच्या मृत्युशय्येजवळचा संवाद लिहिलाय. मरायला टेकलेली ती बाई भावाला समजावते. चिखल थापलेला दोर अरुंद भोकातून ओढला की चिखल मागे राहतो आणि दोर पलीकडे जातो. दोराला यातना होतात, पण ओढणाऱ्याला दोर हवा असतो, यातना नव्हेत. सोनं अग्नीत घालावं लागतं ते हीण जळावं म्हणून. सोनार सोन्याचा वैरी नसतो. त्याआधीचे ओरिजेन असंच काही म्हणत होते. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन यांच्या काळात त्यांच्या शिकवणीचा धिक्कार झाला. ग्रेगरींना मात्र कुणी हात लावला नाही.

आणि ठाण्याचा यात एक धागा आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू या गावात मारले गेले. ठाण्याचे हुतात्मे म्हणून आपण त्यांची आठवण काढतो. ओदोरिको या प्रवाशाने पुढे त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. ते ठाण्यात उतरले होते ते एका ख्रिस्ती कुटुंबाच्याच घरी. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी इथे ख्रिस्ती घरं होती, आणि ती होती पूर्वेकडच्या सिरियाक चर्चची, ज्यांना युरोपातले लोक नेस्टोरियन म्हणून हिणवत. निनवेचे इसहाक याच चर्चचे. सातव्या शतकातला, कतारच्या बाजूचा हा तपस्वी काही महिनेच बिशप राहिला आणि मग रानात निघून गेला. त्याने लिहिलं, की गेहेन्नामध्ये जे सोसतात ते प्रेमाचे फटके सोसतात. आपण प्रेमाशी बेइमानी केली, हे उमगणं हीच ती आग. आणि देवाने आपल्या लेकरांना शेवट नसलेल्या यातनांसाठी घडवलं, असा विचार त्याला देवाची निंदा वाटे. हा शेवटचा विचार त्याच्या लिखाणाच्या ज्या भागात आहे, तो शतकानुशतकं हरवल्यासारखा होता. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात त्याचं हस्तलिखित ओळखलं गेलं. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इसहाकांचं नाव रोमच्या संतांच्या यादीत घातलं. मासुंदा तलावाच्या काठाने आपल्या देवळाकडे जाताना मला हे आठवतं. ही आशा आपल्या गावाला परकी नाही.

माझं कॅथलिक चर्च काय म्हणतं, हेही सरळ सांगते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात नरक आहे आणि तो सार्वकालिक आहे, असंच लिहिलेलं आहे. पण त्याच ग्रंथात देव कुणालाही नरकासाठी नेमत नाही असंही आहे, आणि कुणीही हरवू नये म्हणून चर्च प्रार्थना करते असंही आहे. हजारो संतांची नावं जाहीर करणाऱ्या चर्चने अमुक माणूस नरकात आहे, असं एकाही नावाबद्दल कधी जाहीर केलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलही नाही. २०२४ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस एका मुलाखतीत म्हणाले, की हा काही धर्मसिद्धांत नव्हे, पण नरक रिकामा आहे असा विचार करायला मला आवडतं. रोझरीच्या जपमाळेत दर दहा मण्यांच्या प्रार्थनेनंतर आपण काय म्हणतो? नरकाच्या अग्नीपासून आम्हाला वाचव, सर्व आत्म्यांना स्वर्गात ने, विशेषतः ज्यांना तुझ्या दयेची जास्त गरज आहे त्यांना. सर्व आत्म्यांना! दर संध्याकाळी पाच वेळा. जे होणारच नाही ते मागत असू, तर ती प्रार्थना खोटी ठरते.

सगळ्यात कठीण हरकत मात्र धर्मग्रंथांतली नाही, ती सोसलेल्या माणसांची आहे. ज्याने माझं लेकरू मारलं, तोही तारला जाणार? हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचा हक्क मला नाही. सगळ्यांचं तारण म्हणजे सगळ्यांना माफी, झालं गेलं गंगेला मिळालं, असा अर्थ असेल तर मला ते तारण नको. गुन्हेगाराने आपण काय केलं ते पाहायलाच हवं, ज्याच्यावर केलं त्याच्या डोळ्यांनी पाहायला हवं. न्याय म्हणजे तेच, आणि ती आग असणारच. माझं म्हणणं एवढंच, की त्या आगीला काहीतरी साधायचं असतं.

हे हवेतलं वाटू नये म्हणून मध्य प्रदेशातलं एक नाव घेते. सिस्टर राणी मारिया गरीब आदिवासींसाठी काम करत होत्या. १९९५ च्या २५ फेब्रुवारीला समंदर सिंह याने चालत्या बसमध्ये त्यांच्यावर वार केले आणि त्यात त्या गेल्या. तो तुरुंगात गेला, जाणं भागच होतं. २००२ मध्ये त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात त्याला भेटायला गेल्या आणि त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे तो सुटला, त्यांच्या आईवडिलांना जाऊन भेटला. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारिया यांना धन्य घोषित केलं, त्या सोहळ्याला तो हजर होता. राखी बांधलेल्या हाताकडे पाहताना त्याला तुरुंगाच्या गजांपेक्षा जास्त भाजलं असेल. इसहाक म्हणतात ती आग ही.

आणि वाचलेल्यांचं काय? महाभारताच्या शेवटी धर्मराजाला स्वर्गात भाऊ दिसत नाहीत. देवदूत त्याला दुर्गंधीच्या, अंधाराच्या वाटेने नेतो. परत फिरताना आवाज येतात: जरा थांब, तू आलास तशी गार झुळूक आली. विचारतो तर कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी. तेव्हा तो देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहणार. मराठी घरात लहानपणी ही गोष्ट कानावर पडलेली असते, तशी माझ्याही पडली. सांगितली होती त्याच आजींनी. उलट थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणातून त्यांच्यामागे संकलित केलेल्या भागात असं येतं, की स्वर्गातल्यांना नरकातल्यांच्या यातना दिसतात आणि त्याने त्यांचा आनंद वाढतो. थोर संतांबद्दल आदर ठेवूनही मला म्हणावं लागतं, की इथे धर्मराज ख्रिस्ताच्या जास्त जवळ उभा आहे. पौल रोमकरांना लिहितो ना, की माझ्या भाऊबंदांसाठी मीच ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल! आणि आपण दर रविवारी मतांगिकारात म्हणतो की ख्रिस्त अधोलोकात उतरला. उतरला, तो काय नुसतं पाहून यायला?

भीतीशिवाय माणसं नीट वागणार नाहीत, असं म्हणणारे मला बरेच भेटतात. शिबिरातल्या त्या मेणबत्तीने मी नीट वागायला शिकले नाही. एका म्हाताऱ्या बाईची झोपमोड करायला शिकले, आणि ज्यांच्या मांडीवर वाढले त्यांच्याकडे जळणाऱ्या म्हणून पाहायला. त्यातून बाहेर यायला मला दहा वर्षं लागली.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या तेवीस वर्षांच्या मुलाने स्वतःचं आयुष्य संपवलं. सांत्वनाच्या प्रार्थनेला आलेल्या एकाने असल्या मरणानंतर काय होतं, हे सगळ्यांसमोर सांगितलं. सात महिन्यांनी त्याची आई स्वयंपाकघरात माझा हात धरून हळूच म्हणाली, "तो जळत असेल का गं?" सात महिने ती हे एकटी गिळत होती. गॅससमोर उभं राहायला तिला भीती वाटायची. आणि चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट लिहिलेलं आहे, की आपलं जीवन संपवणाऱ्यांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, देवाला ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. मी तिला ते काढून वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

म्हणून मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांना, रिट्रीट भरवणाऱ्यांना आणि पालकांना हात जोडून विनवते, की बारा वर्षांखालच्या मुलांसमोर नरकाची चित्रं काढू नका. पाप काय असतं, दुसऱ्याला दुखावलं की काय तुटतं आणि ते कसं जोडायचं, हे शिकवा. त्याला पुष्कळ वेळ लागतो. बाहेरून प्रवचनकार बोलावताना ते मुलांशी काय बोलणार, हे आधी विचारा. आणि प्रेतयात्रेत, सांत्वनाच्या प्रार्थनेत मेलेल्याच्या शेवटाबद्दल कुणी निवाडा करू लागला, तर तिथल्या तिथे थांबवा. त्या दिवशी मी थांबवलं नाही.

आजी जाऊन आता नऊ वर्षं झाली. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी दफनभूमीत आईडॅडींच्या थडग्यावर मेणबत्त्या लावते. घरी आल्यावर आणखी दोन लावते, खिडकीत. एक आजींची. दुसरी त्यांच्या आईची. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही.